पुट्टीच्या जोडीचं पिल्लू

इंचरा फिरून आली की उंबऱ्याशी थांबून आधी पाय आपटते. चपलांची माती झडल्याशिवाय अव्वा, म्हणजे माझी आई, तिला माझ्या खोलीत येऊ देत नाही. मग ती कॉटपासून दोन हातांवर, अव्वाने खडूने ओढलेल्या रेघेवर उभी राहते, हात मागे बांधते आणि बालवाडीत कविता म्हणावी तशी सुरू होते.

"तळ्याचं पाणी आज पांढऱ्या दगडाच्या खाली. दगडावर कासव नव्हतं, काल होतं. पाणकोंबड्या तीन. खंड्या एक, तो सारखा तोच आहे असं ताता म्हणाला. ताताच्या टाचेत बाभळीचा काटा गेला, पण तो रडला नाही. आणि आपलं पिल्लू जेवलं."

ताता म्हणजे माझे अप्पा. रोज चार वाजता इंचराचा हात धरून ते तळ्याच्या बांधावरून चक्कर मारतात, उसाच्या कडेने वळतात आणि चिंचेखालून घरी येतात. मी लहान असताना हीच चक्कर माझी होती. आता मी चोवीस तास या खोलीत, कानात कापूस, डोक्याला फडकं, पायांत मोजे, आणि बाहेरचं जग पाच वर्षांच्या माझ्या थोरलीच्या तोंडून ऐकते. बाळंतिणीने तीन महिने उंबरा ओलांडायचा नाही, वारा घ्यायचा नाही, खिडकीत जायचं नाही. मी जीवशास्त्रात पदवी घेतली आहे हे मी अव्वाला एकदा सांगून पाहिलं. ती म्हणाली, पदवीला वारा लागत नाही, कंबरेला लागतो.

आमच्या हुणसेकट्टेत त्या दिवसांत बाळंतीण काही मी एकटी नव्हते. संक्रांतीच्या सुमाराला कोक्करे येतात, म्हणजे करकोचे, पिवळ्या चोचीचे, शेपटीशी गुलाबी पिसं असलेले. गावातल्या चिंचांवर घरटी बांधतात, पिल्लं वाढवतात आणि पाऊस पडायच्या आधी निघून जातात. लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या, असंच गाव म्हणतं. त्या आहेत तोवर त्या झाडांच्या चिंचा कोणी झोडपत नाही, लग्नाची वरात त्या गल्लीतून वाजत जात नाही. अंगण रोज पांढरं होतं आणि रोज झाडलं जातं. अव्वा केरसुणी आपटत मला ऐकू जाईल असं म्हणायची, "यंदा गावात साडेतीनशे बाळंतिणी आल्यात, आणि नखरे सगळ्यांत जास्त माझ्या घरातलीचे."

पिल्लाचं सांगायचं तर ते असं झालं. पुट्टी, माझी धाकटी, जन्मली त्या सकाळी अप्पा दवाखान्यातून घरी कपडे न्यायला आले, तेव्हा त्यांना चिंचेखाली अंड्याचं अर्धं कवच सापडलं. आतून अजून ओलं होतं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि विसरले. पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो, तर इंचरा भिंतीकडे तोंड करून बसलेली. बहीण बघायची नाही, पेढा नको, अम्मा नको. तिचा बाप माडेश बंगळुरूहून सुट्टी काढून आला होता. त्याने तिला खांद्यावर घेतलं, घोडा झाला, मांजराचा आवाज काढला. ती भिंतच बघत राहिली. तेव्हा अव्वा तेलाची वाटी हातात घेऊन तिच्याशेजारी खाली बसली आणि अगदी सहज, मला वेळ नाही पण सांगून टाकते अशा सुरात म्हणाली, "ही एकटी कुठे आली? हिच्या जोडीचं एक त्या झाडावर आलंय. घरातल्याकडे आईने बघायचं, झाडावरच्याकडे ताईने. तू बघणार नसशील तर शेजारच्या पोरीला सांगते."

अप्पांना खिशातलं कवच आठवलं. त्यांनी ते काढून दाखवलं.

हे अव्वाने तिथल्या तिथे रचलं की तिच्या आईकडून आलं होतं, मी विचारलं नाही. मला तेव्हा एवढंच दिसलं की इंचरा वळली. तिने ते कवच पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवलं, पुट्टीकडे पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "हिला चोच का नाही?"

त्या दिवसापासून रोजच्या चक्करीला अर्थ आला. कासव, खंड्या, पाणकोंबड्या हे सगळं वाटेत, शेवट चिंचेखाली. अप्पांनी तिला घरटं ठरवून दिलं, उजवीकडच्या फांदीचं, टोकाचं. खालून नुसत्या काटक्या दिसायच्या आणि मधूनच एक काळी चोच वर यायची. तेवढ्यावर ती सगळं ओळखायची. पिल्लू जेवलं की घरी येऊन मला हुकूम सोडायची, त्याचं झालंय, आता हिला पाज. पुट्टीला दोनदा शिंक आली तर ताताला ओढत झाडापाशी न्यायची, त्यालाही आली का बघायला.

मी हसायचे. पण त्या हसण्याखाली एक गोष्ट होती आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. पुट्टीचं वजन वाढत नव्हतं. जन्मली तेव्हा दोन किलो शंभर. आमच्या भागातल्या आशाताई रत्नम्मा दर गुरुवारी येत, कापडी झोळीचा काटा दाराच्या कडीला अडकवत, पुट्टीला झोळीत घालत आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत कोणी श्वास घेत नसे. पहिल्या गुरुवारी दोन किलोला थोडं कमीच. दुसऱ्या गुरुवारी दोन शंभर, म्हणजे जिथून निघालो तिथेच. रत्नम्मा म्हणत, "हळू आहे, पण आहे." माडेश रोज संध्याकाळी फोन करून आधी वजन विचारायचा, जणू ते रोज बदलतं. मी रात्री तीन-चार वेळा उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघायचे. लसूण खाल्ला, मेथी खाल्ली, मिरीचं तिखट सारू प्यायले, अव्वा देईल ते सगळं गिळलं. आणि रोज पाच वाजता इंचरा येऊन सांगायची की झाडावरचं पोटभर जेवलं.

खरं सांगायचं तर मला त्या पक्षिणीचा हेवा वाटला. म्हणूनच मी पेटीवर चढले.

माझ्या खोलीच्या खिडकीला खाली दोन आणि वर दोन अशा फळ्या आहेत. खालच्या अव्वाने खिळा मारून बंद केल्या होत्या. वरच्या एका फळीला चीर गेली आहे. खिडकीखाली तांदळाची पत्र्याची पेटी असते. तिच्यावर उभं राहून डोळा चिरेला लावला की बाहेरचं दिसतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमचं घर उंचवट्यावर आहे आणि चिंच खाली उतरणीला, त्यामुळे तिच्या टोकाची घरटी आमच्या खिडकीच्या सरळ रेषेत येतात. खाली उभे राहणाऱ्यांना काटक्या दिसायच्या. मला घरट्याच्या आतलं दिसलं.

दुपारी जेवण झालं की अव्वा ओटीवर आडवी व्हायची, इंचरा तिच्या कुशीत. तो अर्धा तास माझा. पुट्टीला पाजून झोपवायचं, मोजे काढायचे, पेटीवर चढायचं. कोणाला सांगितलं नाही. बाळंतिणीने पेटीवर चढणं हा अव्वाच्या लेखी किती मोठा गुन्हा असेल याचा मला अंदाजही नव्हता.

त्या अर्ध्या तासाने मला जगवलं, असं म्हणायला हरकत नाही. पिल्लू म्हणजे पांढऱ्या मळकट कापसाचा गोळा, त्याला एक जाड काळी चोच. दोघं आळीपाळीने यायचे. एक तळ्याकडून यायचा, घरट्यातला मान वर करून चोच वाजवायचा, टक टक टक, आणि मग आलेला मासे घरट्यात ओकायचा. नुसते समोर टाकायचा, भरवायचा नाही. पिल्लू धडपडत, चुकत, स्वतः उचलायचं. आणि डोक्यावर ऊन आलं की मागे राहिलेला उन्हाकडे पाठ करून उभा राहायचा आणि पंख अर्धे उघडायचा. छत्री धरावी तसा. तासन्‌तास. पिल्लू त्या सावलीत पाय पसरून झोपायचं. त्या दोघांतली आई कुठली, बाप कुठला, हे कोणालाच सांगता येत नाही, दोघं सारखेच दिसतात. अव्वा म्हणते, लेकींबरोबर जावईही राहायला आलेत, दिसण्यावर काय आहे.

पुट्टी अठरा दिवसांची होती त्या सोमवारी इंचरा फिरून आली आणि रेघेवर उभी राहिली नाही. दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "ताताने मला डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. पण बोटांत फट राहिली."

उसाच्या कडेने विजेची तार जाते. तिच्याखाली एक कोक्करे पडलेलं होतं. अप्पांनी लिंगय्याला हाक मारली. लिंगय्या म्हणजे घरट्यातून पडलेली पिल्लं देवळामागच्या जाळीत सांभाळणारा आमच्या गावातला माणूस. दोघांनी खड्डा केला, हळदकुंकू वाहिलं, लिंगय्याच्या बायकोने नवा खण आणून दिला तो अंगावर घातला आणि माती लोटली. लेकीला जसं करतात तसंच. ते आपल्या घरट्यातलं होतं हे कळायला संध्याकाळ झाली, कारण टोकाच्या घरट्याकडे दुसरं कोणी परतलंच नाही. अव्वा सगळ्यांना दटावून सांगत होती, आई गेली म्हणू नका पोरीसमोर, बाप गेला म्हणा.

दुसऱ्या दिवशी पेटीवरून मला जे दिसलं ते समजायला पदवी लागत नव्हती. आता ती एकटी होती. मासे आणायला गेली की पिल्लावर ऊन. सावली धरून राहिली की पिल्लू उपाशी. मार्च सुरू झालेला, तळ्याचं पाणी पांढऱ्या दगडाच्या खाली उतरलेलं, म्हणजे मासे लांब. ती जायची तेव्हा मी घड्याळ बघायचे. पंचवीस मिनिटं. पस्तीस. पिल्लू उघड्या चोचीने धापा टाकत घरट्याच्या कडेला सरकायचं, जिथे एका वाळक्या फांदीची बोटभर सावली होती.

मी अप्पांना म्हटलं की लिंगय्याला विचारा, पिल्लू खाली आणून सांभाळता येईल का. इंचराकडून कळलं म्हणून विचारते असं दाखवलं. लिंगय्याचं उत्तर अप्पांनी मला दाराबाहेरून ऐकवलं. पडलेलं पिल्लू माझं, तो म्हणाला, घरट्यातलं माझं नाही. लेक मांडीवर घेऊन बसली असताना तिचं मूल कोण उचलतं? शिवाय ती फांदी माणसाचा भार घेणार नाही आणि कोणी चढलं तर आजूबाजूची तीस घरटी उधळतील, अंडी फुटतील. ते पडलं तर झेलता येईल, एवढंच आपल्या हातात. म्हणून साड्या बांधू.

म्हणजे पडण्याची वाट बघायची.

सहा घरांतून जुन्या साड्या आल्या. माणसांनी त्या एकमेकींना शिवून चिंचेच्या खालच्या फांद्यांना आणि चार बांबूंना ताणून बांधल्या. अव्वाने तिची अंजिरी साडी दिली, माझ्या बारशाला नेसलेली. शेजारच्या काळम्माने विरलेली दिली तेव्हा अव्वा भर गल्लीत म्हणाली, "काळम्मा, पिल्लू झेलायचंय, गाळायचं नाही." काळम्माने दुसरी आणून दिली, पण चार दिवस बोलली नाही.

इंचराला साड्यांचं फार कौतुक. रोज रेघेवरून रंग सांगायची, अंजिरी, हिरवी, मग पिवळी, मग तुझी ती फुलांची. "पडलं तर ते तुझ्या फुलांवर पडेल बघ. मी ताताला तीच मध्ये बांधायला सांगितली." पडावं असं तिला वाटत होतं. पडलं की ते लिंगय्याच्या जाळीत जाणार आणि तिला जवळून दिसणार. मलाही तेच वाटत होतं. अप्पांनी बाजारातून लहान मासे आणून झाडाखाली उथळ परातीत ठेवले, तिला लांब जायला नको म्हणून. ते बगळ्यांनी आणि कावळ्यांनी खाल्ले. दुसऱ्या दिवशी परात झाडाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. तेही बगळ्यांनीच खाल्ले. अप्पा परात घेऊन परत आले तेव्हा त्यांनी ती नेहमीच्या जागी न ठेवता ओटीवरच ठेवली आणि बराच वेळ तिथेच बसले.

गुरुवारी दुपारी मी पेटीवर चढले तेव्हा ती गेलेली होती. पिल्लू बोटभर सावलीत होतं. घड्याळात बारा चाळीस. चोच उघडी, गळा धडधडताना दिसत होता. एक वाजता मान घरट्याच्या कडेवरून बाहेर आली. मला वाटलं आता पडेल. पड, मी म्हटलं. खाली साड्या आहेत, पड. माझा हात फळीवर आपटत होता हे मला नंतर कळलं. मान तशीच लोंबत राहिली. पिल्लू पडलं नाही. काटक्यांत कुठेतरी पाय अडकला असेल, किंवा सरकण्याइतकंही काही उरलं नसेल. एक वाजून दहा मिनिटांनी गळा धडधडायचा थांबला.

ती एक पंचवीसला आली. चोच वाजवली. वाजवायला समोर कोणी नव्हतं तरी वाजवली. मासे ओकले. थांबली. एक मासा चोचीने पिल्लाच्या जवळ सरकवला. पुन्हा थांबली. मग ते सगळे मासे तिने एकेक करून परत गिळले आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढले. ताजे करून वाढावेत तसे. असं तिने तीनदा केलं. मग उन्हाकडे पाठ केली आणि पंख उघडले.

पुट्टी रडायला लागली म्हणून मी खाली उतरले.

त्याच दुपारी चार वाजता रत्नम्मा आल्या. काटा कडीला अडकवला, पुट्टीला झोळीत घातलं. अव्वा, अप्पा, इंचरा दाराशी. काटा थरथरला, थांबला. रत्नम्मांनी चष्मा वर केला, पुन्हा बघितलं. दोन किलो साडेतीनशे.

अव्वाने मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली आणि रत्नम्मांना बळेच नाचणीचे मुद्दे आणि सारू वाढलं. अप्पा फोन घेऊन अंगणात गेले, माडेशला सांगायला. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात असणार. इंचरा पाय न आपटता, चपला न घालता, उतरणीवरून धावत सुटली. मला तिला थांबवता आलं असतं का? काय सांगून? पाच मिनिटांनी ती परतली, धापा टाकत, रेघ विसरून थेट माझ्या मांडीशी.

"ती अजून पंख पसरून उभी आहे, अम्मा. मी खालून सांगितलं तिला, आमचीचं वाढलं. तिच्याचंही वाढलं असणार. जोडीचं आहे ना."

"असणार," मी म्हटलं.

खालून तेवढंच दिसत होतं, उघडलेले पंख. शुक्रवारीही तेच. गाव म्हणत होतं, बघा, एकटीने निभावलं. लिंगय्या म्हणाला, काल दुपारपासून तिने घरटं सोडलेलं नाही, म्हणजे पिल्लू धरून आहे. अव्वा मला धुरी देताना म्हणाली, "लेकीची जात चिवट." मी धुरात डोळे मिटून बसले. घरात हे फक्त मला माहीत होतं आणि सांगायचं तर आधी पेटीचं सांगावं लागलं असतं. पण ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण पुट्टी होती. माझ्या मांडीवर ती ओठ चोखत झोपली होती, गालांवर पहिल्यांदा जरा गोलाई आलेली, आणि मी, इतरांना कार्यकारणभाव समजावून सांगणारी, तिचे गाल बघून घाबरत होते. वाढलेलं वजन कुठून आलं असं मनात येत होतं. हे मी कोणाला सांगणार होते?

शनिवारी सकाळी ती उडून गेली आणि आली नाही. दुपारपर्यंत टोकाच्या घरट्यावर कावळे उतरले. मी चीर सोडून खाली बसले. नंतर अंगणातून धोपटण्याचा आवाज आला. अव्वा साड्या धूत होती. कोणी काही बोलत नव्हतं, आणि अव्वा कपडे धुताना बोलली नाही असं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. म्हणजे गावाला कळलं होतं. म्हणजे इंचराला कळलं होतं.

मी तिच्यासाठी वाक्यं जुळवत बसले. असं होतं कंदा, बाळा. सगळीच जगत नाहीत. तुझी काही चूक नाही. पुट्टीचा आणि त्याचा काही संबंध नसतो, ते अज्जीने गमतीने म्हटलं होतं. हे शेवटचं तर मी चार-पाच वेळा घोकलं, कारण ते मलाच ऐकायचं होतं.

पाच वाजता उंबऱ्यावर पाय आपटल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. ती आत आली, रेघेवर उभी राहिली, हात मागे बांधले. तिच्या मागे दारात अप्पा होते, नजर पायांकडे.

"पाणी दगडाच्या खूप खाली. कासव होतं. खंड्या तोच. आणि आपलं पिल्लू जेवलं. तीन मासे. एक मोठा होता, तो त्याला गिळेना, मग त्याने मान अशी केली आणि गिळला. ते आता उभं राहतं. ताताने साड्या काढल्या, कारण ते आता पडत नाही. शहाणं झालंय."

तिने हे एका दमात म्हटलं. मधे श्वास घेतला असता तर गडबड झाली असती, हे तिला माहीत असावं. मग अप्पांकडे वळून बघितलं, बरोबर झालं ना, असं. अप्पा खोकले आणि टाचेतल्या काट्याचं काहीतरी पुटपुटत निघून गेले.

जुळवलेली सगळी वाक्यं मी टाकून दिली. इंचरा मला सांभाळत होती. खिडक्या बंद असलेल्या खोलीत पडलेल्या आईला कोणीतरी वाईट बातमीपासून दूर ठेवायला हवं, हे तिला कोणी शिकवलं? अव्वाने? की हे आमच्या घरात हवेतच आहे?

"पंख फुटले का त्याला?" मी विचारलं.

"थोडे," ती म्हणाली. "काळे."

"छान."

त्या रात्री ती रेघेपर्यंतही आली नाही. झोपताना रोज ती रेघेवरूनच पुट्टीला टाटा करायची. त्या रात्री तिने हात वर केला आणि तसाच खाली घेतला. रविवारी सकाळी पुट्टीला दूध उलटलं, नेहमीसारखंच, ओठांच्या कोपऱ्यातून. इंचरा दाराशी होती. तिचा चेहरा असा झाला की मी तोंड फिरवलं. तिला सांगायला हवं होतं की काही होणार नाही. पण काही होणार नाही म्हणायचं, तर काय झालंय ते मला माहीत आहे हे कबूल करायला हवं. आणि ती इतक्या कष्टाने जे उभं करून ठेवत होती, ते मी एका वाक्यात पाडलं असतं.

रविवारी दुपारी मी पुन्हा पेटीवर चढले. का, ते सांगता येणार नाही. बघण्यासारखं काही नव्हतं. काटक्या होत्या, दोन जागी ओढून काढलेल्या. शेजारच्या घरट्यातला कोणीतरी आपल्या घरट्यासाठी नेत होता. पत्रा वाजला असेल. मागून आवाज आला.

"अम्मा."

ती दारात होती, चपला हातात, अज्जीच्या कुशीतून उठून आलेली. माझे मोजे खाली पडलेले, डोक्याचं फडकं खांद्यावर, डोळा चिरेला. मी उतरायची घाई केली नाही. करून उपयोग नव्हता.

"तुला इथून दिसतं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ती रेघेपाशी आली आणि खाली बघितलं. मग रेघ ओलांडून पेटीपाशी आली आणि हात वर केले. टाके अजून दुखत होते. मी तिला उचलून घेतलं. तिने गाल फळीला लावला, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघितलं. तिचे केस माझ्या हनुवटीला लागत होते, उन्हाचा वास असलेले. मी वाट बघत होते की ती रडेल. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

"इथून आतलं दिसतं," ती म्हणाली.

"हो."

"मग तुला आधीच माहीत होतं. माझ्या आधी."

मी तिला दुसऱ्या कडेवर घेतलं.

खाली कॉटवर पुट्टी हलली, हात वर करून, काहीतरी पकडायला निघाल्यासारखी, आणि पुन्हा झोपली. इंचराने माझ्या खांद्यावरून वळून तिच्याकडे पाहिलं. मग तोंड माझ्या कानाशी आणलं. कापूस मध्ये होता, तरी मला ऐकू आलं.

"पुट्टीला सांगू नको."

"नाही सांगणार."

"अज्जीलाही नको. ती लगेच सांगेल."

चार वाजता ती ताताबरोबर गेली. पाचला उंबऱ्यावर पाय आपटले. आत आली, रेघेवर थांबली नाही; अव्वा मागून ओरडली तरी थांबली नाही. कॉटच्या काठाला हनुवटी टेकून ती पुट्टीच्या कानाशी वाकली आणि हलक्या आवाजात पाण्याचं सांगितलं, कासवाचं सांगितलं, खंड्याचं सांगितलं. मग म्हणाली की तुझ्या जोडीचं आज दोन मासे जेवलं.

मी पुट्टीचं दुपटं घडी करत होते. विचारलं, "मोठे की लहान?"

तिने माझ्याकडे बघितलं, विचार केला.

"मध्यम," ती म्हणाली.